सुट्टी वाड्यात घालवू का?

पत्र : मी साताऱ्याजवळच्या गावातून रोज एसटीने कॉलेजला येते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. आमच्या सरांनी एक जाहिरात दाखवली. जिल्ह्यातल्या एका जुन्या वाड्यात ट्रस्टने संग्रहालय केलं आहे. तिथं मे-जूनमध्ये सहा आठवडे विद्यार्थ्यांसाठी फेलोशिप आहे. महिना पाच हजार विद्यावेतन, राहायची सोय तिथंच. अर्जासोबत ‘तुम्हाला इथे का यायचे आहे’ यावर पाचशे शब्द आणि एक शिफारसपत्र मागितलंय. अण्णा म्हणतात, “लोकांच्या वाड्यातली धूळ झाडायला शिकवलं व्हय तुला? त्यापेक्षा एमपीएससीचा क्लास लाव.” आई बोलत नाही, पण परक्या गावात राहायचं म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. मला मोडी येत नाही, इंग्रजी बेताचं आहे. आमच्या माळ्यावर पणजोबांच्या पत्र्याच्या पेटीत जुनी कागदं आहेत, ती घरात कुणालाच वाचता येत नाहीत, त्यामुळं मला हे शिकावंसं वाटतं. मैत्रीण म्हणते, अशा ठिकाणी फुकट राबवून घेतात, फक्त फोटो झकास मिळतात. तिथं फोटो काढून टाकले तर चालतात का, तेही सांगा. जाऊ का मी?
— एक विद्यार्थिनी, जि. सातारा

उत्तर : जा. पण अर्ज टाकण्याआधी ट्रस्टला एक फोन कर, आणि फोनवर जे बोलणं होईल ते मेलवर लिहून माग. आपल्याकडे ‘होईल की, बघू की’ यावर फार कामं चालतात. मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मानधनाचं काय, असं विचारायला माणसाला लाज वाटते.

मैत्रिणीचं म्हणणं उडवून लावू नकोस. विद्यार्थी म्हटलं की तिकीट खिडकीवर बसव, कार्यक्रमाला खुर्च्या लावायला घे, पाहुणे आले की माईक धरायला उभं कर, असं करणाऱ्या जागा असतात. पण फोनवर एकच प्रश्न विचारलास तरी बरंच कळेल : सहा आठवडे संपल्यावर माझ्या नावावर कोणतं काम राहील? पलीकडून ‘छान अनुभव मिळतो, सर्टिफिकेट देतो’ एवढंच आलं, तर सावध हो. ‘भांड्यांच्या खोलीतल्या वस्तूंची नोंद राहिली आहे’ किंवा ‘माजघरात माहितीचा फलकच नाही, तो तयार करायचाय’ असं काही आलं, तर त्या माणसाला स्वतःचं घर माहीत आहे. त्याच्या हाताखाली शिकायला मिळेल. तो माणूस रोज तिथं असतो की रविवारी पुण्याहून येतो, हेही लगेच विचारून घे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात डिअरफिल्ड नावाचं खेडं आहे. तिथल्या जुन्या रस्त्यावरची घरंच्या घरं संग्रहालय म्हणून जपली आहेत. त्या संस्थेची विद्यार्थ्यांसाठीची उन्हाळी फेलोशिप १९५६ पासून चालू आहे. पदवीला शिकणारी मोजकी मुलं नऊ आठवडे त्या गावातच राहतात. जुन्या खुर्च्या, भांडी, कापडं, कागद समोर ठेवून त्यांचे वर्ग होतात, दुसरी संग्रहालयं बघायला सहली निघतात आणि शेवटी प्रत्येकाला त्या घरातल्या वस्तूंवर नाहीतर कागदपत्रांवर स्वतःचा एक निबंध लिहावा लागतो. एवढा पैसा आपल्या जिल्ह्यातल्या ट्रस्टकडे नसणार, तो मागूही नये. पण शिकवणारा माणूस, बघायला वस्तू आणि शेवटी स्वतःचं एक लेखन, एवढं तरी असावं ही अपेक्षा पाच हजारांच्या फेलोशिपकडूनही ठेवता येते. आणि कष्ट करून शिकणं साताऱ्याला कुणी परदेशातून येऊन सांगायची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिची ‘कमवा आणि शिका’ योजना तुझ्या कॉलेजातही कुणी ना कुणी घेत असेल. त्या योजनेतली मुलं झाडू मारतात, बागेत राबतात, आणि शिकतातही. काम हलकं की भारी, हा वादच तिथं संपलेला आहे.

पैशाचा हिशेब मात्र रोखठोक कर. दीड महिन्याचे साडेसात हजार होतात. जेवण त्यात आहे की वेगळं? वेगळं असेल आणि गावात खानावळ नसेल, तर महिन्याकाठी हातात फारसं काही उरणार नाही. कॉलेजात विभागप्रमुखांना भेटून हे काम इंटर्नशिपच्या क्रेडिटमध्ये बसतं का तेही विचार. नव्या शैक्षणिक धोरणात तशी तरतूद आहे आणि एका क्रेडिटला साधारण ३० तास धरतात. सहा आठवड्यांत तुझे तास त्याहून कितीतरी जास्त भरतील, फक्त रोजची हजेरी आणि कामाची नोंद सहीनिशी ठेवावी लागेल. परवानगीचं पत्र आधी घे. काम झाल्यावर क्रेडिट मागायला गेलं की कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

आता आईचं. ती बोलत नाही म्हणजे तिचा नकार आहे असं नाही, तिला माहिती हवी आहे. झोपायची खोली कुठं, त्याच आवारात रात्री कोण बाई माणूस असतं, दिंडी दरवाजाला कुलूप किती वाजता लागतं, किल्ली कुणाकडे, संडास-बाथरूम कुठं. जुन्या वाड्यात ते मागच्या परसात असतं आणि रात्री तिथं दिवा असेलच असं नाही. एखाद्या रविवारी आईला घेऊन तिथं जा, तिकीट काढून वाडा बघा, मग व्यवस्थापकांना भेटा. आईनं ती खोली डोळ्यांनी बघितली की निम्मं काम होईल. आणखी एक गोष्ट तुझी तुला माहीत असू दे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर संस्थेत अंतर्गत समिती असावी लागते, त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. फोनवर ‘तुमच्याकडे समिती आहे का’ असं सरळ विचार. विचारल्यानं कुणी चिडलं, तर त्या चिडण्यातच तुला उत्तर मिळालं.

अण्णांची धूळ राहिली. त्यांना सांग, धूळ झाडावीच लागेल, पण ती झाडण्यात एक शास्त्र आहे. संग्रहालयात मऊ केसांच्या ब्रशनं धूळ हलकेच पुढं सरकवतात आणि व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून ती ओढून घेतात. जाळी कशाला, तर मखरावरचा सुटा टवका, शालूच्या जरीचा तुटका धागा नळीत जाऊ नये म्हणून. ओलं फडकं मारायचं नाही. रंगवलेल्या लाकडावर तर मुळीच नाही.

समज, पहिल्या आठवड्यात तुझ्यापुढं एक पितळी समई ठेवली. घरी आपण काय करू? दिवाळीच्या आधी चिंच नाहीतर पितांबरी लावून लख्ख करू. इथं तसं केलंस तर तुझी फेलोशिप त्याच दिवशी संपावी असं मी म्हणेन. दर घासण्याला पितळेचा पातळसा थर जातो, आणि त्याबरोबर बैठकीवर कोरलेली अक्षरंही झिजतात. म्हणून आधी नुसतं बघायचं. समई किती तुकड्यांची आहे? बैठक, दांडा, तेलाचं तबक, वरचा मोर किंवा हंस. आटे नीट बसतात का? कितीदा वरचा पक्षी दुसऱ्याच समईचा असतो, कारण मूळचा कधीतरी हरवला आणि घरातल्या कुणीतरी होता तो बसवला. तबकात तेलाचा काळा चिकट थर आहे का? तो घाण म्हणून खरवडायचा नाही. ही समई नुसती कपाटात नव्हती, रोज लागत होती, हे तो थरच सांगतो. आटे जिथं बसतात तिथं हिरवट पूड दिसली तर लगेच वरिष्ठांना दाखव. पितळ आतून खात चाललं असू शकतं. मग समई आडवी न करता, दोन्ही हातांनी बैठकीला धरून उचलायची आणि खाली बघायचं. देणाऱ्याचं नाव, गावाचं नाव, कधी शके असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौष-माघाच्या सुमाराची तिथी असेल तर एखादं वर्ष इकडं-तिकडं होतं.

हे सगळं लिहायचं : उंची, बैठकीचा व्यास, वजन, धातू, तुकडे, खुणा, खराबी, कुठल्या खोलीत सापडली, कुणी दिली. मग नंबर. नंबर थेट धातूवर पेनानं लिहीत नाहीत. आधी पॅरालॉइड बी-७२ नावाच्या रेझिनचा पारदर्शक थर, तो वाळला की त्यावर शाईनं बारीक आकडा, त्यावर पुन्हा एक थर. पुढं कधी काढायचा झाला तर ॲसिटोननं निघून येतो, वस्तूला डाग राहत नाही. कापडाला असलं काही लावायचं नाही, सुती पट्टीवर नंबर लिहून ती दोन टाक्यांनी टाचायची. कागदावर मऊ पेन्सिल. आणि हातमोज्यांचं म्हणशील तर धातूला घालायचे, कारण बोटांचा घाम धातूवर उमटतो. जुना कागद मात्र स्वच्छ धुतलेल्या कोरड्या हातानं हाताळलेला बरा. मोज्यात बोटाला कागदाची कड जाणवत नाही आणि पान फाटतं. टीव्हीवर बघून लोक उलटंच करतात.

ही नोंद म्हणजे त्या वस्तूचा सातबारा. तो नसेल तर वाड्यातून समई गेली हे सिद्ध करायलाही काही नसतं. साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या शाळेत, आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचा प्रवेश झाला. तो मुलगा पुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाला, आणि २०१७ पासून राज्यात ती तारीख विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. हा दिवस आपल्याला कळतो तो कुणा कारकुनानं रोजच्यासारखी रजिस्टरात ओळ लिहिली म्हणून. त्या कारकुनाला आपण काही मोठं करतोय असं वाटलं असण्याचं कारण नव्हतं.

मे-जून हा वाडा बघायला वर्षातला सगळ्यात चांगला काळ आहे, जाहिरात काढणाऱ्यांनी हे ओळखून ठरवलं असेल तर शाबास. मिरगाच्या आत कौलं शाकारून घ्यायची असतात, माळवदाच्या भेगा बुजवायच्या असतात. पेट्या उघडून कपडे वाऱ्यावर ठेवायचे, थेट उन्हात कधीच नाही. कसर, वाळवी शोधायची. सुतार आला की त्याच्या मागं मागं हिंड. तुळई कुठली, कडीपाट कुठला, हस्त कशाला म्हणतात, एक खण म्हणजे किती, हे तो तुला दहा मिनिटांत दाखवेल. पुस्तकात वाचून हे डोक्यात बसत नाही. जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला की पहाटे उठून कुठं गळतंय ते बघ आणि तारखेसह लिही. ट्रस्टला तुझ्या निबंधाइतकाच त्या यादीचा उपयोग होईल.

आता ते पाचशे शब्द. ‘छत्रपतींच्या पावन भूमीत जन्म घेतल्याने मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे’ असं लिहू नकोस. हे वाक्य येणाऱ्या गठ्ठ्यातल्या निम्म्या अर्जांत असेल. तुझ्याकडं पणजोबांची पेटी आहे, तीच लिही. ती माळ्यावर कुठल्या कोपऱ्यात आहे, शेवटची कधी उघडली होती, वाटणीच्या वेळी की कोर्टाच्या कामाला, कागद कसे गुंडाळलेत, उंदरानं कोणती कड खाल्ली आहे, आजी त्याबद्दल काय सांगते. आणि मग एक प्रश्न, जो तुला खरंच पडला आहे. ‘ही कागदं कुणालाच वाचता येत नाहीत, तरी आमच्या घरात ती कुणी जाळली का नाहीत?’ असला प्रश्न मला वाचायला मिळाला तर मी तो अर्ज बाजूला काढून ठेवीन. राहिलेल्या शब्दांत त्यांच्या वाड्यात तू काय बघितलंस ते लिही. आईबरोबर जाशील तेव्हाच एक वस्तू हेरून ठेव.

त्या पेटीला तोवर हात लावायचा असेल तर थोडंसंच. रबरबँड, टाचण्या, गंजलेले स्टेपल असतील तर काढ. चिकटपट्टी लावू नकोस, आणि कुणीही कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नकोस. गेल्या काही वर्षांत हौसेनं लोकांनी घरच्या सनदा प्लॅस्टिकात भाजून काढल्या आहेत. आता त्या कागदाला प्लॅस्टिकातून सोडवायचं तर अक्षरंही सोबत येतात. साध्या स्वच्छ सुती कापडात बांध आणि भिंतीला न टेकवता ठेव.

मोडी येत नाही, हे अर्जात लपवू नकोस आणि त्याची माफीही मागू नकोस. परीक्षा संपल्यापासून तिथं जाईपर्यंत रोज अर्धा तास दिलास तरी अक्षरओळख होईल. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि हात न उचलता खाली लिहीत जातात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. म्हणून छापील तक्ता पाठ झाला तरी खरा कागद पुढं आला की पहिल्यांदा काहीच सुधरत नाही. घाबरू नकोस. जे ठरलेले मायने असतात, आरंभीचं ‘श्री’, मग शक, तिथी, कुणी कुणाला लिहिलं, ते आधी पकड. जमिनीच्या कागदात तेच तेच शब्द पुन्हा येतात. तुझ्या गावचं नाव मोडीत कसं दिसतं ते एकदा ओळखलंस की पुढच्या कागदात ते डोळ्याला आपोआप सापडतं. इंग्रजीचं तर सोड. वाड्यात येणाऱ्या लोकांपैकी बहुतेक मराठी बोलणारे असतील, आणि ज्या फलकावरचं इंग्रजी बघून तू दबून जाशील ते इंग्रजीही बहुधा तपासून घेण्याजोगंच असेल.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते वाड्याच्या मागच्या बाजूबद्दल. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा बघायला केवढी गर्दी झाली ते तुला माहीत आहे. अशी वस्तू स्वतःच माणसं खेचते. राहत्या घराचं संग्रहालय अशा एका वस्तूवर चालत नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात गेलीस तर लोक घाटावरच्या घंटेशी फोटो काढताना दिसतील. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर ती इकडं आली, हेही सांगतात. पण एवढ्या वाड्यात पाणी कोण भरायचं, दळण कोण दळायचं, बाळंतिणीची खोली कुठली, हे विचारणारा क्वचित असतो. बहुतेक वाड्यांत माहिती देणारा माणूस देवडीपासून दिवाणखान्यापर्यंत रंगात येऊन बोलतो आणि माजघराशी आला की त्याचा आवाज संपतो. ‘इथं बायका असायच्या’, झालं.

तू तिथून सुरुवात कर. कोठीच्या, खर्चाच्या वह्या असतील तर त्यात कुणाला किती धान्य दिलं, लुगडं कुणाला दिलं, याच्या नोंदी असतात. कुळंबिणींची म्हणजे घरकामाच्या दासींची, पाणक्यांची, घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दारांची नावं तिथंच सापडतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या मॉन्टिसेलो या घरात गुलाम म्हणून राबलेल्या माणसांच्या वंशजांकडून आठवणी गोळा करण्याचं काम १९९३ मध्ये सुरू झालं. त्याआधी पर्यटक तिथं एका थोर माणसाचं सुंदर घर बघून परत जात. आपल्या वाड्यांबाबत तर अजून म्हाताऱ्या बाया गावात आहेत, ज्यांच्या सासवा त्या वाड्यात कामाला होत्या. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बस. मोबाइल लगेच पुढं करू नकोस. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचार, कशासाठी ते सांग, आणि त्यांनी ‘हे लिहू नको’ म्हटलं तर लिहू नकोस. काही गोष्टी मालकांच्या आजच्या पिढीला रुचणार नाहीत. अशा वेळी भांडत बसू नकोस, सरळ तारखेसह लिहून नोंद संग्रहात ठेव. फलकावर काय जायचं ते ट्रस्ट ठरवेल, वहीत काय असावं ते तू ठरवू शकतेस.

अण्णांना मात्र खोटी आशा दाखवू नकोस. संग्रहालयात नोकऱ्या थोड्या आहेत, पगारही फार नाहीत, खासगी ट्रस्टमध्ये तर फारच कमी. पण त्यांनाच आवडेल अशी एक गोष्ट आहे : राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयातल्या काही पदांची जाहिरात एमपीएससीच काढते. म्हणजे क्लास आणि वाडा ही एकमेकांच्या आड येणारी गोष्ट नाही. तू अजून दुसऱ्या वर्षात आहेस, क्लास जुलैतही लागतो, तोही सहा आठवड्यांची फी वाचवून. पुढं या वाटेनं जावंसं वाटलंच तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा जुना विभाग आहे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकवतात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही या विषयाचे अभ्यासक्रम चालतात. तिथं प्रवेश घेताना ‘मी वस्तू हाताळल्या आहेत’ हे सांगता येणं मोठं असतं. आणि सहा आठवड्यांनी तुला कंटाळा आला, हे आपलं काम नाही असं वाटलं, तर तेही वीस-एकविसाव्या वर्षी कळलेलं चांगलं. अण्णांशी हे जेवताना बोलू नकोस, त्यांना ट्रस्टच्या माणसाशी फोनवर बोलू दे.

निवड झाली नाही तर सुट्टी वाया गेली असं समजू नकोस. साताऱ्याच्या पोरांना याबाबत तक्रारीला जागा नाही. औंधला जा. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं भवानी वस्तुसंग्रहालय यमाईच्या डोंगरावर आहे. तिथं राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्पही. खेड्यातल्या टेकडीवर हे कसं आलं, हा एका सुट्टीला पुरेल एवढा प्रश्न आहे. नायगावला सावित्रीबाईंचं जन्मघर, कराडला यशवंतराव चव्हाणांचं ‘विरंगुळा’, आणि सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे इथं त्यांचं जन्मस्थान. ही तीन घरं एकापाठोपाठ बघ. एका शेतकऱ्याच्या घरचं स्वयंपाकघर आणि एका केंद्रीय मंत्र्याची बैठकीची खोली यांत लोकांना काय दाखवलंय, काय ठेवलंच नाही, याची वही कर. साताऱ्याचे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी आयुष्यभर जमवलेली कागदपत्रं आणि चित्रं पुढं पुण्याला डेक्कन कॉलेजात गेली. आज साताऱ्याच्या मुलाला साताऱ्याचा कागद बघायला पुण्याची गाडी धरावी लागते. त्या कागदांची यादी तरी आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात असावी असं मला फार दिवस वाटतं. तुझ्यासारख्या एखादीनं ती करायला घेतली तर सर नाही म्हणणार नाहीत.

शिफारसपत्रासाठी सरांना आठवडाभर आधी गाठ आणि जाहिरातीची प्रत, तुझे पाचशे शब्द, मार्कशीट असं सगळं एकत्र दे. आयत्या वेळी मागितलं की ‘विद्यार्थिनी होतकरू व नम्र आहे’ एवढंच पत्र मिळतं.

फोटोंचं. परवानगी घेऊनच काढ आणि टाकण्याआधी पुन्हा विचार. फ्लॅश कापडावर, चित्रांवर मारू नकोस. कोठीची खोली, कुलपं, कपाटात काय कुठं आहे, देवघरातली चांदी, असलं काहीही तुझ्या स्टेटसवर येता कामा नये. खेड्यातल्या वाड्याला रात्री एखादाच राखणदार असतो, आणि स्टेटस कोण कोण बघतं ते तुला सांगता यायचं नाही. कौलांवर बसलेल्या मांजराचा फोटो टाक, अंगणातल्या वृंदावनाचा टाक. नोंदीसाठी काढलेले फोटो संस्थेच्या संगणकावर उतरवून मोबाइलमधून काढून टाक, आणि निघायच्या दिवशी तसं लिहून दे. आणि अर्जाची शेवटची तारीख पत्रात लिहायची राहिली आहे तुझी, ती आज बघ.